गेम टॅबलेटवर चालतो, की टॅबलेट गेमसोबत चालतो?

मराठीत 'चालते' या एकाच क्रियापदाने आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतो. यंत्र चालते, म्हणजे ते आपले काम नीट करते. आणि एखादी गोष्ट 'चालते', म्हणजे ती मनापासून पसंत नसली तरी आपण चालवून घेतो. टॅबलेटवर व्हिडिओ गेम चालतो का, या प्रश्नाला विक्रेता पहिल्या अर्थाने होकार देतो आणि घेणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा दुसरा अर्थ येतो. अकरा इंची पडद्याचा एक टॅबलेट मी गेले सहा महिने बहुतांशी गेमसाठीच वापरला, आणि त्यावरून बनलेले मत येथे मांडतो आहे. हे परीक्षण कोणा एका मॉडेलचे नसून गेमयंत्र या नात्याने टॅबलेट या वस्तूचे आहे. कारण मॉडेल बदलले तरी यातल्या बहुतेक अडचणी आणि बहुतेक सुखे तीच राहतात.

या काळात टॅबलेटकडून मी तीन प्रकारची कामे करून घेतली. एक, गेम त्याच्या स्वतःच्या प्रोसेसरवर खेळणे. दोन, गेम दुसऱ्याच यंत्रावर चालू ठेवून टॅबलेटचा उपयोग केवळ पडद्यासारखा करणे. आणि तीन, मोठ्या पडद्यावर गेम चालू असताना टॅबलेट शेजारी ठेवून त्यावर नकाशा, सामानाची यादी किंवा दुसरे काही पाहणे.

पहिल्या कामापुरती ताकदीची शंका आता उरलेली नाही, हे आधी मान्य करायला हवे. 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज' हा २०२१ साली संगणक आणि कन्सोलवर (म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) आलेला गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲपलची एम १ किंवा त्यानंतरची चिप असलेल्या आयपॅडवर आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'रेसिडेंट इव्हिल ४'ची नवी आवृत्ती, जानेवारी २०२४ मध्ये 'डेथ स्ट्रँडिंग' आणि जूनमध्ये 'असॅसिन्स क्रीड मिराज' त्याच वाटेने आले. मोबाइलसाठी नाव तेवढे उसने घेऊन केलेले हे छोटे खेळ नव्हेत; कन्सोलवर जी गोष्ट, जी पात्रे आणि जी शहरे आहेत तीच येथे आहेत, फक्त सावल्या, दूरची झाडे आणि चित्राची बारकाई यांत काटकसर दिसते.

अडचण ताकदीची नसून ती ताकद टिकण्याची आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक चित्र तयार होत राहावे म्हणून चिप सतत राबत असते. कन्सोलमध्ये तिची उष्णता बाहेर टाकायला पंखा असतो. बहुतेक टॅबलेटमध्ये तो नसतो आणि उष्णता पाठीमागच्या पातळ पत्र्यातून जेवढी निघेल तेवढीच निघते. चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की ती स्वतःच आपला वेग उतरवते. त्यामुळे दुकानात पाच मिनिटे खेळून पाहिलेला गेम आणि घरी तासभर खेळलेला तोच गेम यांच्यात फरक पडतो. माझ्या टॅबलेटवर पहिली पंधरा-वीस मिनिटे सारे सुरळीत असे. त्यानंतर गर्दीच्या प्रसंगात चित्र अडखळू लागे आणि पडद्याचा उजेडही आपोआप मंद होई. यावर मला उपयोगी पडलेले उपाय साधे आहेत: सेटिंगमध्ये सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा घालावी, कव्हर काढून ठेवावे आणि चार्जर लावून खेळू नये, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतःची उष्णता त्यात भर घालते. ३० चित्रांचा गेम आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखा चालणे हे ६० वरून ४० वर आणि पुन्हा ६० वर झोके घेणाऱ्या गेमपेक्षा डोळ्यांना कितीतरी सुखाचे असते.

तरीही उष्णतेपेक्षा मोठा प्रश्न हातांचा आहे, आणि या वस्तूचे खरे मूल्यमापन माझ्या मते तेथेच होते. काचेवर काढलेल्या बटणाला कडा नसते. अंगठा बटणावर आहे की त्याच्या शेजारी, हे बोटाला कळत नाही. ते पाहण्यासाठी नजर शत्रूवरून काढून अंगठ्याकडे न्यावी लागते, आणि तोवर व्हायचे ते होऊन जाते. शिवाय दोन्ही अंगठे पडद्याचे खालचे दोन कोपरे झाकतात. ज्या गेमची सारी रचना डाव्या हाताने चालणे, उजव्याने नेम धरणे आणि तर्जनीने चाप ओढणे यावर उभी आहे, तो गेम काचेवर आणला की निर्माते नेम आपोआप लागण्याची सोय करून देतात, म्हणजे गेमचा अर्धा भाग तेच खेळून देतात. अशा गेमना मी दुसऱ्या अर्थाने 'चालतो' म्हणेन.

याउलट जेथे एकाने चाल करायची आणि दुसऱ्याने थांबायचे असा नियम आहे किंवा खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, तेथे टॅबलेट संगणकाच्याही पुढे जातो, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. 'सिव्हिलायझेशन ६' हा गेम संगणकावर २०१६ साली आला आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आयपॅडवर. नकाशावरच्या षटकोनाला बोट लावावे, पथक उचलून पुढच्या षटकोनात ठेवावे, दोन बोटांनी खंड जवळ ओढावा किंवा दूर लोटावा, ही क्रिया पटावरच्या सोंगट्या हलवण्याइतकी सहज आहे, आणि ती माउसने करताना मला कधी इतकी जवळची वाटली नव्हती. 'बाल्डर्स गेट' हा १९९८ सालचा गेम २०१२च्या डिसेंबरमध्ये सुधारित रूपात आयपॅडवर आला. लढाई हवी तेव्हा थांबवून सहाही पात्रांना सावकाश आज्ञा देता येत असल्यामुळे तेथे घाई नाही. 'एफटीएल' या अवकाशयानाच्या गेमचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २०१४ साली तो आयपॅडवर आला, पण फोनवर आलाच नाही, कारण यानाच्या खोल्या, त्यांतली माणसे, दारे आणि वीजवाटपाच्या पट्ट्या एकाच वेळी बोटाखाली यायच्या तर पडदा तेवढा मोठा हवाच. टॅबलेट म्हणजे वाढवलेला फोन, ही समजूत ज्यांना खोडून काढायची असेल त्यांनी हा गेम एक संध्याकाळभर खेळावा. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' हा २०२१ साली आयपॅडवर आलेला गेम याच जातीचा असला तरी त्यात पडद्यावर दिसणारी माहिती इतकी आहे की अक्षरे वाचताना डोळे ताणले जातात, तेथे मी कंट्रोलर जोडणे पसंत केले.

कंट्रोलर जोडणे आता अवघड राहिलेले नाही. २०१९ साली आयपॅडओएस १३ ने प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे कंट्रोलर ब्लूटूथने जोडण्याची मुभा दिली, आणि अँड्रॉइडवर ही सोय त्याआधीपासून होती. पण कंट्रोलर हाती आला की टॅबलेट कुठे ठेवायचा, हा नवा प्रश्न उभा राहतो. टेबल हवे, मागे टेकू हवा, पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर हवा. म्हणजे जी वस्तू मांडीवर घेऊन कुठेही बसता यावे म्हणून घेतली, तिच्यासाठी पुन्हा एक जागा मांडून द्यावी लागते. टॅबलेटच्या दोन्ही बाजूंना पकडणारे, ताणून लांब करता येणारे कंट्रोलरही मिळतात, परंतु अकरा इंची टॅबलेटचे वजनच साडेचारशे ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे असते आणि त्यात कंट्रोलरचे मिळवले की अर्ध्या तासात मनगटे तक्रार करू लागतात. आठ इंची टॅबलेटला ते शोभतात.

हातांच्या या प्रश्नाचा इतिहास पाहिला की मला नेहमी निन्टेंडोची दोन यंत्रे आठवतात. २०१२ साली आलेल्या वी यू या कन्सोलसोबत ६.२ इंची पडद्याचा, टॅबलेटसारखा दिसणारा गेमपॅड होता. त्याला बटणे होती, अंगठ्याने फिरवायच्या छोट्या काठ्या होत्या, स्पर्शाचा पडदाही होता. परंतु गेम चालवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. चित्र कन्सोलमध्ये तयार होई आणि बिनतारी मार्गाने गेमपॅडवर येई, त्यामुळे दोन खोल्या ओलांडल्या की ते तुटे. २०१७ साली आलेल्या पहिल्या स्विचचा पडदाही नेमका ६.२ इंचीच होता, पण या वेळी गेम चालवणारी चिप पडद्यामागेच होती आणि टीव्ही ही गौण गोष्ट ठरली होती. वी यू सुमारे १ कोटी ३५ लाख विकला गेला आणि स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. केवळ पडद्याच्या मापाने एवढा फरक पडत नाही हे उघड आहे. एक पडदा सोबत करीत होता आणि दुसरा खेळत होता. (स्विचला कुणी टॅबलेट म्हणत नाही, पण दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढून ठेवले की हातात उरते त्याला दुसरे काय म्हणावे?)

स्वतंत्रपणे गेम चालवण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी विकत घेण्यापूर्वी नीट तपासायला हवी होती. संगणकावर घेतलेले गेम टॅबलेटवर आपोआप येत नाहीत. संगणकाच्या आणि टॅबलेटच्या प्रोसेसरची भाषाच सहसा वेगळी असते, म्हणून निर्मात्याने गेम मुद्दाम टॅबलेटसाठी तयार करावा लागतो आणि तो बहुधा पुन्हा विकत घ्यावा लागतो. शिवाय तो तेथे किती दिवस टिकेल, हे घेणाऱ्याच्या हाती नसते. २०१७ साली आयओएस ११ या ॲपलच्या प्रणालीने ३२ बिटांच्या, म्हणजे जुन्या रचनेच्या ॲपना दार बंद केले आणि ज्या निर्मात्यांनी आपले जुने गेम सुधारले नाहीत, त्यांचे गेम नव्या प्रणालीवर उघडेनासे झाले. २०१४ साली आयपॅडवर आलेला 'बायोशॉक' तर त्याआधीच, पुढच्याच वर्षी, ॲपलच्या दुकानातून गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये 'फोर्टनाइट'ला ॲपल आणि गूगल या दोघांनीही एकाच दिवशी आपापल्या दुकानांतून काढले, ते ग्राहकाच्या नव्हे तर पैसे घेण्याच्या पद्धतीच्या भांडणातून. विंडोजवर चालणारे टॅबलेट याला अपवाद आहेत. २०१३ सालच्या रेझर एजपासून पुढच्या काळातल्या आसूसच्या फ्लो झेड १३ पर्यंतच्या यंत्रांवर संगणकाचेच गेम जसेच्या तसे चालतात. मात्र त्यांच्यात पंखा असतो, जाडी असते आणि बॅटरी लवकर संपते, म्हणजे ते कीबोर्ड बाजूला काढलेले लॅपटॉपच होत.

दुसऱ्या कामाकडे, म्हणजे उसन्या चित्राकडे, मी साशंक मनाने गेलो होतो आणि बराच समाधानी होऊन परतलो. घरात कन्सोल किंवा चांगला संगणक असेल, तर रिमोट प्ले किंवा स्टीम लिंक यांसारख्या ॲपमधून गेम तेथे चालतो आणि टॅबलेटवर केवळ त्याचे चित्र येते. टॅबलेट तापत नाही, बॅटरी सिनेमा पाहताना जेवढी जाते साधारण तेवढीच जाते, आणि मुख्य म्हणजे विकत घेतलेला गेम पुन्हा घ्यावा लागत नाही. किंमत मोजायची ती विलंबाची. बटण दाबल्याची खबर वाय-फायवरून कन्सोलपर्यंत जाणार, तेथे चित्र तयार होऊन आवळले जाणार, ते परत येऊन उलगडले जाणार, आणि मग डोळ्यांना दिसणार. कन्सोल राउटरला तारेने जोडला आणि टॅबलेट ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवला, की कथाप्रधान गेममध्ये हा विलंब मला जाणवेनासा झाला. मारामारीच्या किंवा तालावर चालणाऱ्या गेममध्ये तो जाणवतो आणि जाणवतच राहतो. आणखी एक बारीक बाब: कन्सोलचे चित्र १६:९ या प्रमाणात असते आणि पुष्कळ टॅबलेटचे पडदे त्याहून चौकोनी असतात, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि अकरा इंचांपैकी सगळे इंच काही हाती लागत नाहीत.

घरातल्या कन्सोलऐवजी दूरच्या केंद्रातून गेम मागवण्याच्या सेवा मला कमी भरवशाच्या वाटतात, आणि तेही चित्राच्या गुणवत्तेमुळे नव्हे. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद पडली. ग्राहकांना पैसे परत मिळाले हे खरे, पण गेम गेले. आयपॅडवर तर ॲपलच्या नियमांमुळे एक्सबॉक्सची अशी सेवा २०२१ पासून ब्राउझरमधून वापरावी लागत असे, आणि अशा सेवांना एकाच ॲपमधून गेम देण्याची परवानगी जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. सोनीने मात्र २०२३च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन पोर्टल बाजारात आणताना आडपडदा ठेवला नाही. आठ इंची पडदा, दोन्ही बाजूंना कंट्रोलरचे अर्धे भाग, आणि स्वतःच्या अंगाने गेम चालवण्याची क्षमता शून्य. ज्याला टॅबलेटचा उपयोग केवळ याच कामासाठी करायचा आहे, त्याने टॅबलेटपेक्षा असे यंत्र घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण हातांचा प्रश्न तेथे आधीच सुटलेला आहे.

आता सोबतीविषयी. एक काळ असा होता की प्रत्येक मोठ्या गेमबरोबर टॅबलेटचे एखादे ॲप येत असे. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली स्मार्टग्लास आणले आणि पुढची तीन वर्षे 'दुसरा पडदा' हे शब्द प्रत्येक जाहीर कार्यक्रमात ऐकू येत राहिले. २०१३ सालच्या 'बॅटलफील्ड ४'मध्ये टॅबलेटवर बसलेला खेळाडू सेनापती होऊन रणभूमी वरून पाहत असे, पथकांना आज्ञा देई आणि त्यांच्यासाठी रसद पाठवी. २०१४ सालच्या 'वॉच डॉग्ज'मध्ये टॅबलेटवरचा मित्र पोलिसांचे हेलिकॉप्टर उडवून तुमचा पाठलाग करी. 'डेड रायझिंग ३'मध्ये नायकाला आलेला फोन थेट तुमच्या टॅबलेटवर वाजे. ऐकायला हे सारे मोठे गमतीचे आहे, आणि पहिल्या दिवशी ते तसे वाटतही असे.

यातला दोष २०१५ सालच्या 'फॉलआउट ४'च्या ॲपमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि गंमत म्हणजे ते ॲप या सगळ्यांत उत्तम बनवलेले होते. गेममधल्या नायकाच्या मनगटावर एक यंत्र असते, त्यात नकाशा, हत्यारे आणि औषधे यांची यादी असते. तेच यंत्र टॅबलेटवर जसेच्या तसे दिसे आणि त्यावर बोट लावून हत्यार बदलले की टीव्हीवरच्या नायकाच्या हातात ते येई. परंतु गेममध्ये ते यंत्र उघडले की जग थांबते; टॅबलेटवर उघडले की थांबत नाही. म्हणजे औषध शोधायला तुम्ही मान खाली घालणार आणि शत्रू मात्र मान खाली घालणार नाही. दोन पडद्यांना दोन नजरा लागतात आणि आपल्याकडे एकच आहे, एवढी साधी गोष्ट त्या काळातल्या बहुतेक ॲपनी विचारात घेतली नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे सोबतीची सक्ती. २०१४ सालच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मध्ये पॅरिसभर विखुरलेल्या काही पेट्या सोबतचे ॲप वापरल्याशिवाय उघडत नसत. विकत घेतलेल्या गेममधल्या पेटीचे कुलूप दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याचा हा प्रकार खेळाडूंना इतका झोंबला की पुढे ती अट काढून टाकावी लागली. त्याच वर्षीच्या 'डेस्टिनी'ने आपल्या जगाची बरीचशी पूर्वकथा अशा कार्डांमध्ये ठेवली, जी गेममध्ये वाचताच येत नसत. 'द डिव्हिजन'च्या पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकात २०१३ साली टॅबलेटवरून ड्रोन उडवणारा चौथा गडी दिसला होता. २०१६च्या मार्चमध्ये गेम हाती आला तेव्हा तो गडी त्यात नव्हता, आणि त्याची उणीव मला तरी भासली नाही.

मग सोबती म्हणून टॅबलेट निरुपयोगी ठरतो का? माझा सहा महिन्यांचा अनुभव तसा नाही. गेम थांबलेला असताना पाहायच्या गोष्टींसाठी तो उत्तम आहे: मोठा नकाशा, कोड्याचे कच्चे आकडे, कोणत्या पात्राला काय वचन दिले याची टिपणे. २०१३ सालच्या 'असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग'च्या ॲपमध्ये समुद्राचा नकाशा शेजारी उघडा ठेवण्याची सोय होती आणि लांबच्या जलप्रवासात त्याकडे अधूनमधून पाहता येई, त्या पिढीतली मला आवडलेली सोबत एवढीच. जॅकबॉक्सच्या पार्टी गेममध्येही टॅबलेट शोभतो, कारण तेथे प्रत्येकाने आपापल्या पडद्यावर गुपचूप उत्तर लिहायचे असते आणि टीव्हीकडे पाहायची वेळ वेगळी असते.

ज्याच्याकडे वाचन, चित्रकला किंवा अभ्यास यांसाठी टॅबलेट आधीपासून आहे, त्याने एक डावाडावाने खेळायचा चांगला गेम आणि एक साधा कंट्रोलर जरूर घ्यावा. केवळ गेमसाठी नवा टॅबलेट घेऊ पाहणाऱ्याला मी स्विच, पोर्टल किंवा त्या जातीचे हाती धरायचे यंत्र आधी पाहायला सांगेन. पटावरच्या गेमखेरीज दुसरे काही आपण खेळत नाही अशी खात्री असलेला माणूस तेवढा याला अपवाद. खरेदीपूर्वी तीन गोष्टी मात्र तपासाव्यात: हवा तो गेम त्या दुकानात खरोखर आहे का, तो नेमकी कोणती चिप मागतो, आणि जतन केलेला खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो का. शेवटची बाब मी गृहीत धरली आणि एका गेममधली तीन आठवड्यांची मेहनत संगणकावरच राहिली. टॅबलेटवर मला पुन्हा पहिल्या गावातून निघावे लागले.

सहा महिन्यांनंतर माझ्या टॅबलेटवर चार गेम उरले आहेत, चारही डावाडावाने खेळायचे. कन्सोलचे चित्र आणणारे ॲप पहिल्याच पानावर आहे. सोबतीची म्हणून वेगळी उतरवलेली सगळी ॲप्स मी काढून टाकली. नकाशा ब्राउझरमध्ये उघडा असतो, त्याच्याशेजारी टिपणांचे पान असते, आणि गेम थांबवल्याशिवाय मी त्यांच्याकडे पाहत नाही.